ॲट्रिब्यूट म्हणजे वाटणी!

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय: पायथन, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमधल्या 'ॲट्रिब्यूट'ला प्रोजेक्ट रिपोर्टात 'विशेषता' म्हणावं की 'गुणधर्म'?

'विशेषता' मुळीच नको. हिंदीतून उचललेला हा शब्द हल्ली शिकवणीत, व्हिडिओत, जाहिरातीत ऐकून ऐकून कान किटले. आपल्याकडं 'वैशिष्ट्य' आहे, पण तेही इथं बसत नाही. प्रोग्रॅममध्ये 'चप्पल' नावाचा क्लास, म्हणजे साचा, लिहिलात, तर माप, कातडं, किंमत हे ॲट्रिब्यूट. माप तर प्रत्येक चपलेला असतंच, त्यात विशेष ते काय? 'गुणधर्म' त्यातल्या त्यात बरा. पण किंमत हा कसला गुणधर्म? चप्पल लाईनीत तीच कापशी चप्पल सकाळी एका भावानं, संध्याकाळी दुसऱ्या.

खरी मजा मूळ शब्दात आहे. लॅटिन 'त्रिबुएरे' म्हणजे वाटून देणं. तो आला 'त्रिबुस'वरून. त्रिबुस म्हणजे रोममधली जमात. 'अत्रिबुएरे' म्हणजे एखाद्याच्या वाट्याला घालणं. 'ट्रिब्यूट', 'डिस्ट्रिब्यूट' ही सगळी याच भावकीतली. म्हणून माझं ठाम मत: ॲट्रिब्यूट म्हणजे वाटणी! ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून निघणारा एकेक नग, जन्माला येतो तेव्हा कन्स्ट्रक्टर, म्हणजे त्याला घडवणारा कोड, त्याच्या पदरात त्याचा वाटा घालतो. आणि क्लास ॲट्रिब्यूट? भाऊ वेगळे झाले, रानं वाटली, पण सातबाऱ्यावर विहीर सामाईक राहिली, तसं ते. पायथनमध्ये क्लासच्या अंगातच रिकामी लिस्ट, म्हणजे यादी, लिहून ठेवा आणि एका ऑब्जेक्टमधून तिच्यात 'अपेंड' करा, म्हणजे भर घाला. सगळ्या ऑब्जेक्टांना तेच दिसतं. पोरं रात्रभर बग शोधत बसतात, कारण वाटणी झाली की नाही हे कुणी बघितलेलंच नसतं.

'डेटा तो ॲट्रिब्यूट, कृती ती मेथड' असं घोकून घेणाऱ्या गाइडकारांशी तर माझं उभं भांडण आहे. ओस्लोत ओले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी घडवलेली 'सिम्युला ६७' ही भाषा बघा. क्लास ही कल्पना जिथून आली, त्या भाषेत क्लासमधली प्रोसिजर, म्हणजे कृतीसुद्धा, ॲट्रिब्यूटच. पायथन आजही तेच मानतं: टिंबाच्या पुढं जे येतं ते ॲट्रिब्यूट, मग ते माप असो वा मेथड. म्हणजे चपलेचं करकर वाजणंही तिच्या वाट्याला आलेलंच. आपल्या वैशेषिक दर्शनकारांनीही आवाजाला कर्मात, म्हणजे हालचालीत, घातलं नाही. 'शब्द' हा आकाशाचा गुण ठरवून २४ गुणांत बसवला. मग करकर तेवढी ॲट्रिब्यूटमधून बाहेर काढायची, ती कुठल्या आधारावर?