मित्राची सही मागू नकोस

प्रिय मुला,

तुझा मेल वाचला. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेऊन वर्ष होत नाही तोच आई-बाबांना ग्रीन कार्डावर आणायचे अर्ज, आय-१३०, भरलेस, हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. आता आय-८६४, म्हणजे त्यांना पोसायची हमी देणारं अ‍ॅफिडेव्हिट, भरायला बसलास तर टॅक्स रिटर्नवरचा उत्पन्नाचा आकडा पुरत नाही, आणि एक मित्र "मी होतो ना जॉइंट स्पॉन्सर", म्हणजे तुझ्या जोडीला हमीदार, म्हणतोय. त्याची सही घ्यावी का, एवढंच तुला विचारायचंय. घेऊ नकोस. कारणं पुढे लिहिते, पण उत्तर आधी घे.

हिशोब बघ. तू, बायको, बाळ आणि आई-बाबा, म्हणजे घर पाच जणांचं. आई आणि बाबांचे अर्ज वेगळे, अ‍ॅफिडेव्हिटंही वेगळी, म्हणून एका वेळी एकच माणूस मोजावा असं तुला कुणी सुचवेल. तू पाचच धर, कारण पोसायचे पाच आहेत. गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न ही अट. २०२५ च्या तक्त्यात, अलास्का आणि हवाई सोडून, पाच जणांसाठी ती रक्कम ४७,०६२ डॉलर. तुझ्या रिटर्नवर ३१,०००. धंद्यातली तुझी उलाढाल याच्या कितीतरी पट आहे हे मला ठाऊक आहे, पण उलाढाल इथे कुणी विचारत नाही. गाडी, घरातलं ऑफिस, लॅपटॉप, सगळे खर्च वजा होऊन शेड्यूल सीच्या, म्हणजे धंद्याच्या नफ्या-तोट्याच्या फॉर्मच्या, तळाशी उरतं तेच रिटर्नवर चढतं. टॅक्स वाचला म्हणून तू खुशीत होतास, तोच आकडा आज आडवा आलाय.

कमी पडले १६,०६२. ही तूट मालमत्तेतून भरायची तर आई-वडिलांसाठी पाचपट दाखवावी लागते, म्हणजे ८०,३१० डॉलर. बचत चालते, शेअर चालतात, घराची किंमत कर्ज वजा करून चालते. वर्षाच्या आत रोख करता आलं पाहिजे. बायको नोकरीला लागली तर तिचा पगारही आय-८६४ए हा घरच्या माणसाचा फॉर्म भरून धरता येतो. तो घरचा पैसा आहे, त्याला माझी काहीच हरकत नाही.

मित्राचा पैसा घरचा नव्हे. त्याची सही घेतलीस तरी तुझं स्वतःचं अ‍ॅफिडेव्हिट भरावंच लागतं. तू सुटत नाहीस, फक्त तोही अडकतो. आई-बाबांना ग्रीन कार्ड मिळालं की ती सही मागे घेता येत नाही. १९९६ च्या कायद्याने हा करार कोर्टात बजावता येण्याजोगा केलाय. उद्या आई-बाबांनी उत्पन्न बघून मिळणारी सरकारी मदत घेतली तर वसुली त्याच्याकडूनही होऊ शकते. आणि हे संपतं कधी? ते नागरिक झाले, किंवा त्यांच्या खात्यावर कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, जमा झाल्या, किंवा कायमचे परत गेले, किंवा देवाघरी गेले. सत्तरीचे तुझे बाबा चाळीस तिमाह्या कुठून भरणार? नागरिकत्वाला इंग्रजीची परीक्षा आहे. पंचावन्नच्या पुढच्यांना त्यातून सूट आहे, पण ग्रीन कार्डावर पंधरा वर्षं काढल्यावर. तुझ्या आईला इंग्रजी येत नाही. तेव्हा मित्राकडे तू काय मागतोयस ते नीट बघ.

आणखी एक गोष्ट तुझ्या ध्यानातच आली नसेल. त्यालाही आई-वडील आहेत. उद्या तो त्यांच्यासाठी आय-८६४ भरेल तेव्हा तुझे आई-बाबा त्याच्या कुटुंबसंख्येत मोजले जातील. घरात दोन माणसं जास्त, म्हणून त्याचा आकडा वाढणार. त्याला हे सांगितलंयस का? सांगितलं असतंस तर तो इतक्या सहज हो म्हणाला नसता.

आमचे नाना पतपेढीच्या कर्जाला एका सहकाऱ्याचे जामीन राहिले होते. तो हप्ते भरेना, तेव्हा नानांच्या पगारातून कपात सुरू झाली. पगारपत्रकावरच्या त्या ओळीवर आई नुसतं बोट ठेवायची, बोलायची काही नाही. पैशाचं पुढे निभावलं. पण लग्नाकार्यात तो माणूस समोर आला की नाना उठून दुसऱ्या पंगतीला जायचे. चांगले मित्र होते दोघं.

म्हणून नानांना इकडे आणायची माझी वेळ आली तेव्हा मी सही मागितली नाही. न्यू जर्सीत लॅबमध्ये तासाच्या पगारावर होते. तुझ्या काकांचा मित्र कागद घेऊन घरी आला होता. मी चहा दिला आणि कागद परत दिला. पुढे पगार वाढला, रिटर्नवर दिसायला लागला, तेव्हाच फाइल पुढे सरकवली. त्यात वर्षं गेली. नानांना नातवाला मराठी वाचायला शिकवायचं होतं. ते आले तेव्हा तो मिडल स्कूलमध्ये होता, त्याला त्यांच्याजवळ बसायला वेळ नव्हता. हे मला आजही लागतं. नात्यातले म्हणाले, हिच्या मानीपणापायी म्हाताऱ्यांना थांबावं लागलं. म्हणोत. नाना या देशात कुणाच्या उपकाराखाली राहिले नाहीत आणि तो मित्र आजही दिवाळीला आमच्याकडे मोकळ्या मनाने जेवतो. परत वेळ आली तरी मी हेच करेन.

मेलमध्ये तू लिहिलंयस, "काकू, कायद्याने चालतं ना?" चालतं. जॉइंट स्पॉन्सर अगदी कायदेशीर आहे, नातेवाईक असायचीही गरज नाही. मी काय चालतं ते सांगत नाहीये. कुणाच्या गळ्यात काय बांधतोयस ते सांगतेय.

बाबांनी पुण्याचा फ्लॅट विकायची भाषा केली म्हणतोस. त्यांची मालमत्ता हिशोबात धरता येते, हे खरं. त्यासाठी फ्लॅट आज विकावा लागत नाही; किंमत, मालकी आणि पैसा भारताबाहेर आणता येतो याचे कागद लागतात. विकू देऊ नकोस. इथे करमलं नाही तर परतायला त्यांना दार हवं.

आणि ४७,०६२ जमले म्हणजे आई-बाबांचं भागलं असं समजू नकोस. वय पासष्टच्या पुढे असलं तरी मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायलासुद्धा आधी इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. तोवर विम्याची सोय तुलाच बघायची आहे. मित्र सही देईल, दर महिन्याचा हप्ता देईल का? तू मागशील का?

तुला नोकरीची ऑफर आहे, धंद्यापायी ती तू अडवून धरलीयस. घे ती. या फॉर्मवर चालू उत्पन्नही विचारतात. कंपनीचं पत्र आणि काही महिन्यांच्या पे स्टब्ज, म्हणजे पगाराच्या पावत्या, जोडल्या की जुन्या रिटर्नची उणीव बरीच भरून निघते. धंदा संध्याकाळी कर. आई-वडिलांच्या अर्जाला व्हिसा क्रमांकाची रांग नसते, तेव्हा सहा महिने थांबलास तर नंबर जाणार नाही. तोवर आईच्या जन्मदाखल्याचं बघ. जन्माची नोंदच नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला काढायला मामाला सांग, त्यालाही वेळ लागतो.

मित्राला आजच फोन कर, आभार मान आणि नको म्हण. रविवारी सकाळी रिटर्न, ऑफर लेटर आणि बँकेची स्टेटमेंट्स घेऊन घरी ये. आपण आय-८६४ ओळीओळीने भरून बघू.

तुझी,
काकू