दुसऱ्या भागातच दमलेली मालिका पुढे वाचावी का?

तुमचा प्रश्न असा, की एका यंग अडल्ट पॅरानॉर्मल रोमान्स (किशोरवयीनांसाठीच्या, अमानवी प्रियकराच्या प्रेमकथेच्या) मालिकेचा पहिला भाग तुम्ही एका बैठकीत संपवला, दुसरा रेटून वाचला आणि आता उरलेले दोन वाचावेत की सोडावेत ते कळत नाही. मालिकेचं नाव तुम्ही दिलेलं नाही. फारसं बिघडत नाही, यातल्या बऱ्याच मालिका एकाच जागी घसरतात.

ती जागा लव्ह ट्रँगल नव्हे. हे आधीच सांगते, कारण ‘त्रिकोण आला आणि वाट लागली’ हे पालुपद ऐकून कान किटलेत. मूळ जोडीपुढे खरी अडचण उरली नाही, की लेखिका दुसरा मुलगा आणून उभा करते. त्रिकोण येतो तोवर नासायचं ते नासून गेलेलं असतं.

पहिला भाग एकाच प्रश्नावर पळतो: हा मुलगा नेमका कोण आहे? त्याचं उत्तर त्याच पुस्तकात द्यावं लागतं. त्यानंतर मालिकेकडे एकच इंधन उरतं, ते म्हणजे अट. याच्यावर प्रेम करायचं तर काय सोडावं लागेल? घर, आईबाप, माणूसपण, आयुष्याची वर्षं, जे काही असेल ते. ही अट पहिल्या भागात उधारीच्या वहीत लिहिली जाते आणि पुढच्या भागांत तिची वसुली व्हायला हवी. वसुली झाली तर वाचक सुमार भाषासुद्धा पोटात घालतो. ती झाली नाही, तर कितीही सुंदर लिहा, हाती काही लागत नाही.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेते, स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ मालिका. 2005 ते 2008 या काळात चार भाग. पुढे शेवट फोडलाय, न वाचलेल्यांनी हा परिच्छेद आणि पुढचा गाळावा. बेला ही साधी मुलगी एडवर्ड या रक्त पिणाऱ्या, अमर व्हॅम्पायरच्या प्रेमात पडते. व्हॅम्पायर व्हायचं तर बेलाला काय मोजावं लागणार, ते मेयर तीन भाग चोख लिहीत जातात. एक, आईबापांशी संबंध कायमचा तुटणार. दोन, मूल होणार नाही. तिसऱ्या भागात एडवर्डची मानलेली बहीण रोझली आपली सगळी कहाणी सांगते ती हेच बेलाच्या डोक्यात भरवायला. तीन, नवा व्हॅम्पायर सुरुवातीचा काळ रक्तासाठी पिसाळलेला असतो; त्याच भागातली अख्खी लढाई अशा नवख्यांच्या फौजेशी आहे. चार, तिच्यावर जीव टाकणाऱ्या, लांडगा होऊ शकणाऱ्या जेकबचं मन मोडणार. आणि या सगळ्यांवर व्होल्टुरींची, म्हणजे व्हॅम्पायरांच्या सत्ताधीशांची, टांगती तलवार.

आता 2008 चा चौथा भाग, ‘ब्रेकिंग डॉन’, उघडा. मूल होतं, तेही बेला माणूस असतानाच. व्हॅम्पायर झाल्यावर पहिल्याच शिकारीत माणसाचा वास येतो आणि बाई स्वतःला आवरतात. हे कळल्यावर एडवर्डचा मानलेला भाऊ जॅस्पर, एवढा मुरलेला गडी, तोही थक्क होतो. जेकब बेलाच्या वडिलांसमोर, चार्लीसमोर, लांडगा होऊन दाखवतो आणि चार्ली ‘मला गरजेपुरतंच सांगा’ या बोलीवर लेकीच्या आयुष्यात राहतो. जेकबचं मोडलेलं मन बेलाच्या त्या तान्ह्या मुलीवर इम्प्रिंट होऊन, म्हणजे जन्मभरासाठी आपोआप जडून, सांधलं जातं. (या तोडग्याबद्दल इथे लिहीत नाही, उत्तर भरकटेल.) व्होल्टुरी फौजफाटा घेऊन येतात, बोलतात आणि परत जातात. पाचही खाती एका पुस्तकात माफ, सरसकट कर्जमाफी! साडेसातशे पानं वाचून जो रितेपणा येतो तो याचा. सिनेमावाल्यांनाही ते जाणवलं असावं: 2012 च्या शेवटच्या चित्रपटात लढाई होते, एडवर्डचा मानलेला बाप कार्लाइल याचं मुंडकं उडतं आणि मग कळतं, की हे सगळं एडवर्डच्या बहिणीने, ॲलिसने, दाखवलेलं भविष्य होतं. वसुलीचा देखावा झाला, वही कोरीच राहिली.

उलट ज्या दुसऱ्या भागाला, ‘न्यू मून’ला, सगळे रडका म्हणून हिणवतात, तो माझ्या मते रचनेने पक्का आहे. वाढदिवसाला कागदाने बोट कापतं, रक्ताचा थेंब येतो, जॅस्पर झेपावतो आणि एडवर्ड तिला सोडून जातो. ताटातूट थेट अटीतून निघालेली आहे. नंतर ऑक्टोबर ते जानेवारी नुसती महिन्यांची नावं, बाकी पानं कोरी. त्या काळात काय झालं असेल हे वेगळं सांगावं लागत नाही.

ताटातूट बाहेरून चिकटवलेली असली, की दुसरा-तिसरा भाग रटाळ होतो. तिचे प्रकार ठरलेले आहेत. ‘तुझ्या भल्यासाठी सांगत नाही’ हा सर्वांत स्वस्त. एका वाक्यात मिटणारा गैरसमज तीनशे पानं ताणायचा, हा दुसरा. तिसरा विस्मरणाचा: ‘हश, हश’ मालिकेच्या तिसऱ्या भागात (2011) नायिकेची पाच महिन्यांची आठवणच गेलेली असते, मग आपण आधी वाचलेलं ती नव्याने शोधत बसते आणि आपण घड्याळ बघत बसतो.

तुमच्या हातातल्या मालिकेची तपासणी अशी करा. पहिला भाग काढा आणि मुलाचं गुपित फुटतं तिथून पुढची वीसेक पानं वाचा, अट बहुधा तिथेच सापडते. ती एका ओळीत लिहून घ्या. ओळ लिहिताच आली नाही, तर मालिका तिथेच सोडा, पुढे काही मिळणार नाही. मग तिसऱ्या भागाची पहिली शंभर पानं घ्या. ‘भल्यासाठी सांगत नाही’ तीनदा आलं, तर मिटवा. नवी शक्ती कुठे येते तेही बघा. तिची मर्यादा आधी सांगितलेली असेल तर ठीक. संकट आणि शक्ती एकाच पानावर उगवत असतील, तर शेवटीही तसंच होणार. दुसऱ्यांच्या शक्ती मनापर्यंत पोचू न देणाऱ्या बेलाच्या ढालीचंच बघा: एडवर्डला तिचं मन वाचता येत नाही हे पहिल्या भागापासून आहे, म्हणून ती ढाल पटते. तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

आता राहिले ‘अहो, मुलांसाठीच लिहिलंय, एवढी चिरफाड कशाला’ म्हणणारे. त्यांना माझं एकच म्हणणं आहे: या वयाच्या वाचकाइतका नियमांना चिकट वाचक दुसरा नाही. नायिकेच्या डोळ्यांचा रंग दोन भागांत वेगळा निघाला तर तो पान क्रमांकासकट दाखवतो. फसवलं जातंय हे त्याला सर्वांत आधी कळतं, फक्त त्यासाठी शब्द नसतात, म्हणून तो ‘बोअर झालं’ म्हणतो. त्याचं ‘बोअर झालं’ हसण्यावारी नेणारे लोकच पुढे ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत’ म्हणून गळा काढतात.

एक मात्र खरं. हा हिशोब न करता नुसत्या त्या दोघांच्या बोलण्यासाठी, चिडवाचिडवीसाठी वाचत असाल, तर वरचं सगळं गैरलागू आहे. कर्जमाफी झाली म्हणून कुणाचा आनंद खोटा ठरत नाही. आणि दुसरा भाग फसला म्हणून शेवट फसतोच असंही नाही. ‘फॉलन’ मालिकेत मधे भरपूर पाणी आहे, पण शेवटी ती दोघं अमरत्व आणि आठवणी दोन्ही देऊन टाकतात. म्हणजे मोजतात.

म्हणून तुम्ही चौथ्याची शेवटची पाच प्रकरणं आधी वाचा, लाजू नका. लिहून ठेवलेली ओळ समोर धरा. किंमत मोजलेली दिसली, तर तिसरा भाग वाचा. सगळे जिवंत, सगळे सुखी, कुणाचं काहीच गेलेलं नाही असं दिसलं, तर दोन्ही परत करून टाका.