सेमिनारची सुरुवात ६४५३ पासून कर

चि. ... स अनेक आशीर्वाद.

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांच्यावरच्या सेमिनारची पहिली स्लाइड तू क्वांटम हॉल परिणामाच्या शोधासाठी मिळालेल्या १९८५च्या नोबेलची केली आहेस. ती मागे टाक. सुरुवात ६४५३ ओहम या विद्युतरोधाच्या आकड्यापासून कर.

५ फेब्रुवारी १९८०ची रात्र, फ्रान्समधल्या ग्रनोबलची उच्च चुंबकीय क्षेत्राची प्रयोगशाळा. नमुना म्हणजे सिलिकॉनचा मॉस्फेट, एक प्रकारचा ट्रान्झिस्टर. छापलेल्या आलेखातला नमुना ४०० मायक्रोमीटर लांब, ५० रुंद, तापमान १.५ केल्व्हिन, क्षेत्र १८ टेस्ला, प्रवाह १ मायक्रोअँपिअर. त्याच्या गेटचा, म्हणजे प्रवाह नियंत्रित करणाऱ्या टोकाचा, व्होल्टेज वाढवत नेला की हॉल व्होल्टेज, म्हणजे प्रवाहाला आडवा मोजलेला व्होल्टेज, मध्येच सपाट होतो आणि त्याच जागी प्रवाहाच्या दिशेतला व्होल्टेज शून्याजवळ येतो. दोन्ही वक्र एकाखाली एक दाखव, नुसती सपाटी कुणाला पटत नाही.

मग फळ्यावर एक गणित कर. आलेख काढणाऱ्या एक्स-वाय रेकॉर्डरचा इनपुट रोध १ मेगाओहम. तो हॉल रोधाला (हॉल व्होल्टेज भागिले प्रवाह) समांतर येतो, म्हणून ६४५३ ओहमच्या जागी सुमारे ६४१२च दिसतात. ४१ ओहम गायब! ही दुरुस्ती त्यांच्या मूळ टिपणातच आहे. ती केली की उत्तर येते ते असे: प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराच्या वर्गाची चौपट. नमुन्याची लांबी-रुंदी त्यात कुठेच नाही. खरी गंमत तीच आहे.

ब्राउनश्वाइगची पदवी, वुर्झबुर्गची १९७२ची डॉक्टरेट, हे एका ओळीत उरक. पण सपाटी १९७८च्या त्यांच्याच आलेखातही दिसते, हे जरूर सांग. आधी दिसली होती, तिची नेमकी किंमत मात्र तेव्हा कुणी तपासली नव्हती. ‘एकट्याने लावलेला शोध’ असे लिहू नकोस. पारितोषिक एकट्याला मिळाले, पण १९८०च्या शोधनिबंधावर सीमेन्सचे गेरहार्ट डोर्डा आणि केंब्रिजचे मायकेल पेपर यांचीही नावे आहेत.

निबंधाची हकिकतही घे. आधी तो रोधाचे प्रमाणभूत माप ठरवण्याची पद्धत म्हणून लिहिला होता. आक्षेप आला, की खुद्द ओहमच तेव्हा तितक्या अचूकतेने हाती नव्हता. मग सूक्ष्मरचना स्थिरांक (विद्युतभार आणि प्रकाश यांच्यातल्या आंतरक्रियेची ताकद सांगणारा आकडा) मोजण्याची पद्धत म्हणून तो मांडला गेला. मूळचा हेतू १ जानेवारी १९९०ला फळाला आला: २५८१२.८०७ ओहम (प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराचा वर्ग) हे मूल्य जगभरच्या प्रयोगशाळांनी रोधासाठी स्वीकारले. चारने भागून बघ, तुझा ६४५३ परत येतो.

एक चूक टाळ. मे २०१९पासून प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा विद्युतभार व्याख्येनेच पक्के झाले आहेत, म्हणून त्यांच्या भागाकारातून येणाऱ्या या रोधापुढे ‘अधिक-उणे’ लिहू नकोस.

तुझा,
सर