एकाच ठिबकवर दोडका आणि मेथी-पालक चालतील का? दोन्हींच्या देखभालीत काय फरक आहे, आणि सोपं काय पडेल?

तुमची जागा बीड जिल्ह्यात, घरामागे दोन गुंठे काळं रान, पाणी बोअरचं. एका गुंठ्यात दोडका, दुसऱ्यात मेथी-पालक, दोन्हींना एकच ठिबक, एकच खत, असा तुमचा बेत. ठिबक-खताचं उत्तर सरळ आहे: नाही चालणार. सोपं काय पडेल, ते शेवटी सांगतो.

"माळवं ते माळवं, त्यात वेगळं काय करायचंय?" हे आमच्या बांधाशेजारचे काका दरवर्षी ऐकवतात. त्यांनी दोडक्याच्या ओळींमध्ये पालक टाकला, दोन्ही एकाच कॉकवर घेतले आणि पालक कापला की टाकीतून युरिया सोडला. पालक झकास आला. दोडक्याची पानं हिरवीकंच, तळहाताहून मोठी, ताटीभर (वेल चढवायला उभारलेल्या आधारावर) पिवळी फुलं, दोडका एकही नाही. काकांचा निकाल: बी बोगस, दुकानदारानं फसवलं. गावात अजून तेच सांगतात.

बी बोगस नव्हतं. दोडक्याला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा, शिरा उमटलेला दोडका आधीपासूनच असतो. नर फुलाखाली नुसता देठ, आणि ती घोसानं येतात. सुरुवातीचे दहा-बारा दिवस नर फुलंच येतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण नत्र जास्त झालं आणि वरून ऊन तापलं, की नरांची संख्या वाढते आणि मादी फुलं मागे पडतात. पालकाचा युरिया दर पंधरवड्याला दोडक्याच्या मुळाशी गेला, तर दुसरं काय होणार?

काकांचा दुसरा मुद्दा, मधमाश्याच येत नाहीत. सकाळी नऊला रानात जाऊन पाहिलं तर कशा दिसतील? दोडक्याचं फूल संध्याकाळी पाचनंतर उमलतं (कारल्याचं पहाटे). मादी फूल आहे पण पिवळं पडून गळतंय, असं असेल तर दिवस मावळताना ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग दोन-तीन मादी फुलांना हलकेच घासा. दोन गुंठ्यांच्या बागेत हे सहज होतं.

आता खत, गुंठ्याच्या हिशोबानं. दोन्हीकडे कुजलेलं शेणखत दोन क्विंटल. दोडक्याला लावताना एक किलो युरिया, तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट, पाऊण किलो पोटॅश. महिन्यानं आणखी एक किलो युरिया दोन हप्त्यांत, मग हात आखडता घ्या. पालकाला प्रत्येक कापणीनंतर दोन-तीन दिवसांनी, नवी पालवी दिसली की अर्धा किलो युरिया. मेथीला शेणखतावर भागतं, ती कडधान्याच्या कुळातली आहे. 'पालेभाजी म्हणजे युरिया' हे मेथीला लावू नका, नुसती लवलवीत वाढते आणि मावा धरते.

खतापेक्षा जास्त घोळ पाण्यात होतो. पालकाची कामाची मुळं वरच्या वीतभर मातीत असतात, म्हणून पाणी हलकं आणि वरचेवर. दोडक्याची मुळं दोन-अडीच फूट खाली जातात, पण जाऊ दिलीत तर. रोज थोडं थोडं पाणी मिळालं की ती वरच पसरतात. मग एप्रिलमध्ये डीपी जळते, चार दिवस लाईट नसते, काळं रान भेगाळतं आणि भेगेबरोबर मुळंही तुटतात. उलट बाजूनं, पालकाच्या मापानं रोज भिजवलं तर रानाला वापसाच (ओल आणि हवा दोन्ही बेतशीर असणं) येत नाही आणि वेलाचं मूळ कुजतं. दोन्हींत वेल दिसायला सारखाच दिसतो. दुपारी माना टाकलेला वेल संध्याकाळी उठला तर ते फक्त ऊन आहे, पाणी सोडू नका. सकाळी सातलाही मान खाली असेल तर खुरप्यानं वीतभर उकरून पाहा. माती कोरडी निघाली तर पाणी द्या. चिकट आणि ओली निघाली तर पाणी बंद करून मोकळी हवा लागू द्या.

दोडक्याच्या ओळी पाच फुटांवर, वेल तीन फुटांवर. गुंठ्यात सत्तरेक वेल बसतात. प्रत्येकाला ताशी ४ लिटरचा ड्रिपर. फळं लागल्यावर एप्रिलच्या उन्हात वेलाला दिवसाला ६ ते ८ लिटर लागतं. काळ्या रानात ते दिवसाआड दुप्पट दिलेलं बरं. पालेभाजीला चार फुटी वाफ्यावर दर ३० सेंटिमीटरला ड्रिपर असलेल्या इनलाइन नळ्या तीन, किंवा रेनपाईप (पावसासारखं पाणी उडवणारी नळी). उगवून येईपर्यंत मात्र पाणी वरून झारीनं नाहीतर पाटानं द्या. ठिबकनं ओलाव्याची वर्तुळं तेवढी उगवतात, मधे टक्कल राहतं. रेनपाईपचं पाणी दोडक्याच्या पानांवर उडालं की केवडा (पानांवरचा बुरशीचा रोग) आलाच. मोटर एक असू द्या, कॉक दोन बसवा, खताची टाकीही कॉकच्या पुढे वेगवेगळी.

ताटी, बगलफुटी (बाजूचे फुटवे) काढणं, सुतळी हे तुम्हाला ठाऊक असेलच. कडेच्या डांबांना बाहेरून ताण द्यायला तेवढं विसरू नका, मे महिन्यातलं वादळ ताटी आडवी करतं.

काकांशी माझा खरा वाद फवारणीवरून आहे. दोडक्याला फळमाशी येते, पानांना भुरी (पांढरी पिठासारखी बुरशी) येते, म्हणजे काही ना काही मारावं लागतं, आणि ते खालच्या पालकावर पडतं. बाटलीवर काढणीआधी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, पण ते त्या पिकापुरते. फळ सोलून खातो, पालकाचं पानच खातो. म्हणून वेलाखाली पालक नको म्हणजे नको. फळमाशीसाठी दोन गुंठ्यांना दोन सापळे लावा, आतली गोळी क्यू ल्यूरची (माशीला वासानं ओढणारी). दुकानात आंब्याची मिथाइल युजेनॉलची हातात देतात, तिला दोडक्याची माशी फिरकतही नाही. डंख लागलेली वाकडी फळं बांधावर न फेकता दीड-दोन फूट खोल पुरा. भुरीसाठी गंधक मारणार असाल तर पारा ३५ च्या पुढे असताना नको, पानं करपतात. फवारणी कुठलीही असो, वारा पडलेला असताना करा, आणि संध्याकाळच्या उमललेल्या फुलांवर नको.

एक सवलत आहे, हे आधीच सांगायला हवं होतं. दोडका जानेवारीच्या शेवटी टोकला तर पहिला महिना ओळींमधली जागा मोकळीच असते. त्याच दिवशी तिथं मेथी टाका, गुंठ्याला अर्धा किलो बी. तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी मुळासकट उपटून जुड्या बांधल्या की विषय संपला. तोवर वेलावर फवारणीची गरज सहसा पडत नाही. काकांनी मेथी टाकली असती तर मी गप्प बसलो असतो. पालक तीन-चारदा कापायचा असतो, तो वेलाच्या फवारणीत सापडतोच.

सोपं काय, तर रोज घरी असाल तर पालक. दोडका सुरुवातीला कमी त्रास देतो, पण तोडा सुरू झाला की दर दोन-तीन दिवसांनी तोडावाच लागतो. चार दिवस लग्नाला गेलात तर फळं जरठ होतात आणि वेल नवीन फळ धरायचं कमी करतो.

मार्चनंतरही पालक हवाच असेल तर ताटी दक्षिणोत्तर उभारा आणि पालकाचा वाफा तिच्या पूर्वेला, सहा फूट सोडून घ्या. दुपारनंतरची सावली त्याच्यावर येते. तरीही उन्हात तो लवकर तुऱ्यावर (फुलोऱ्यावर) जाणारच. तेवढी जागा नसेल तर उन्हाळ्यापुरता पालक सोडा आणि तांदुळजा टाका, त्याला ऊन मानवतं.