अंतल्याचं कालेइची पाहायला अर्धा दिवस पुरेल का?

तुमच्या हातात तुर्कस्तानातल्या अंतल्यासाठी दोन दिवस आहेत, सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि कालेइची म्हणजे तिथला जुना बंदरभाग अर्ध्या दिवसात उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. उरकेल, पण कृपा करून उरकू नका. मी माझ्या आईला घेऊन ऑक्टोबरमध्ये गेलो होतो. आमचाही बेत अर्ध्याच दिवसाचा होता, प्रत्यक्षात दोन रात्री राहिलो.

बहुतेक लोक थेट बंदरावर उतरतात, बोटीत बसतात, फोटो काढतात आणि परततात. माझं ऐकाल तर सकाळी नऊच्या आत, पायी, हेड्रियनच्या वेशीतून शिरा. तुर्की 'काले' आणि आपला 'किल्ला' एकाच अरबी शब्दातून आलेत, 'इची' म्हणजे आतलं. किल्ल्याच्या आतलं गाव ते, वेशीतूनच बघायला सुरुवात करावी. रोमन सम्राट हेड्रियन इ.स. 130 मध्ये इथे आला, त्याच्यासाठी ही तीन कमानींची वेस उभारली. ती आजच्या रस्त्यापेक्षा खाली आहे, चार पायऱ्या उतराव्या लागतात. मधल्या कमानीखालच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या दिसतात. आई तिथे वाकून बघत राहिली. "उखळ झिजतं तसा झिजलाय रे," म्हणाली.

आतल्या गल्ल्या अरुंद आणि दगडी. दोन्ही बाजूंना उस्मानी काळातली घरं, वरच्या मजल्याचे लाकडी सज्जे गल्लीवर झुकलेले, अंगणात आंबट संत्र्यांची झाडं. यातल्या कित्येक घरांत ग्रीक कुटुंबं राहत होती. 1923 च्या करारानंतर ग्रीस आणि तुर्कस्तानात लोकसंख्येची अदलाबदल झाली, तेव्हा त्यांना जावं लागलं. आता तिथे छोटी हॉटेलं आहेत. अशाच एखाद्या घरात एक रात्र राहा, कारण दिवसाची गर्दी ओसरल्यावर सकाळी सातला ती गल्ली फक्त तुमची आणि मांजरांची असते. चाकांच्या बॅगा मात्र या फरशीवर नकोशा होतात, पाठीवरची सॅक बरी.

केसिक मिनारे, म्हणजे 'तुटका मिनार' नावाच्या वास्तूपाशी थोडं जास्त थांबा. आधी रोमन मंदिर, मग बायझंटाईन चर्च, मग मशीद. 1361 मध्ये सायप्रसच्या राजाने शहर घेतलं तेव्हा पुन्हा चर्च, नंतर पुन्हा मशीद. 1896 च्या आगीनंतर ती बरीच वर्षं पडकीच होती. एकाच भिंतीत इतकी राज्यं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे येऊन गेला. पुढे आपल्या दौलताबादला आला तोच हा. ख्रिस्ती व्यापारी बंदराजवळ राहत, त्यांच्या वस्तीभोवती तट होता आणि रात्री व शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी त्याचे दरवाजे बाहेरून बंद होत, असं त्याने लिहून ठेवलंय. इथल्या वाळवलेल्या जर्दाळूंचं कौतुकही केलंय. बंदरावर उभं राहून हे आठवलं की समोरच्या पर्यटक बोटींपलीकडचं गाव दिसायला लागतं.

आता गुडघ्यांचं. बंदर कड्याच्या पायथ्याशी आहे, उतरायच्या वाटा तीव्र आहेत. पण वर जुम्हुरियेत चौकाजवळून खाली नेणारी सार्वजनिक लिफ्ट आहे, आम्ही गेलो तेव्हा फुकट होती. तिथून यिवली मिनारेही जवळच दिसतो, तेराव्या शतकातला, विटांचा, आठ पन्हळींचा, सुमारे 38 मीटर उंच. आईंना आधी तो वरूनच दाखवा, मग लिफ्टने खाली न्या.

बोटीत बसण्याआधी किती वेळ, कुठपर्यंत आणि किती पैसे हे तिन्ही पक्कं करा. आम्हाला एक तास सांगून पस्तीस मिनिटांत परत आणलं, आणि दुदेन धबधबा कड्यावरून थेट समुद्रात पडतो तो पाहायचा राहिलाच. त्याची हळहळ मला अजून आहे.

शाकाहारी असाल तर पालक-चीजची गोझलेमे, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, सहज मिळते. अंतल्याचं पियाझ, म्हणजे पांढऱ्या घेवड्याची तिळाच्या वाटणातली कोशिंबीर, नक्की खा. वर उकडलेलं अंडं येतं, नको असेल तर 'युमुर्तासिझ' म्हणा. बिल मागताना 'हेसाप' म्हणायचं, हा आपलाच हिशेब.

जुलै-ऑगस्ट टाळता आला तर टाळा, दुपारी दगड तापतो. आणि संध्याकाळ हिदिरलिक बुरुजापाशी ठेवा. रोमन काळातला गोल बुरुज, शेजारी बसायला बाग, खाली समुद्र आणि आखातापलीकडे बेदाग्लारी डोंगर. सूर्य त्यांच्यामागे गेल्यावर लगेच उठू नका. डोंगरांच्या एकामागे एक निळ्या रांगा त्यानंतर अर्धा तास दिसत राहतात, आणि आमची आई त्या मोजत बसली होती.