वेठबिगारी, गुलामगिरी की अंगावरची उचल?

प्रश्न असा आहे: घंटागाड्या आणि कचरा वर्गीकरणाची कामे घेणाऱ्या एका कंपनीला तिच्या ब्रिटिश ग्राहकाने ‘मॉडर्न स्लेव्हरी’ रोखण्याचे धोरण डेपोत मराठीत लावायला सांगितले आहे. पुरवठादारांच्याही त्यावर सह्या हव्या आहेत. त्यात ‘आधुनिक गुलामगिरी’ लिहिलेले चालेल का, की ‘वेठबिगारी’ म्हणावे?

मथळ्याला ‘वेठबिगारी’ घ्या. खालच्या मजकुरात मात्र दोन्ही शब्द टाळा.

‘आधुनिक’ हे मराठीत बहुधा कौतुकाचे विशेषण आहे: आधुनिक शेती, आधुनिक यंत्रसामग्री. त्याच्यापुढे गुलामगिरी आली की वाचणारा आधी हसतो. ‘गुलाम’ अरबीतून आला; तिथे त्याचा मूळ अर्थ मुलगा, पोरगा. आपल्याकडे तो पत्त्यांत आहे, नाहीतर शिवीत. डेपोतल्या माणसाला ‘तुम्ही गुलाम आहात का?’ असे विचारले तर उत्तर ‘नाही’ येणार, तेही चिडून, आणि तपासणीच्या कागदावर सगळे आलबेल दिसणार.

‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’पासून, ‘बिगार’ फारसी ‘बेगार’पासून. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच, सक्तीने आणि फुकट करून घेतलेले काम. ‘बाजारहाट’सारखाच हा जोडशब्द. पण त्याचे दोन तुकडे करू नका. ‘वेठ’ आज ‘वेठीस धरणे’पुरती उरली आहे, आणि ‘बिगारी’ म्हणजे गवंड्याच्या हाताखाली रोजावर काम करणारा, संध्याकाळी पैसे मोजून घेणारा माणूस. ‘बिगारी ठेवणार नाही’ असे लिहिलेत तर ठेकेदार विचारेल, मग गाडी भरायची कोणी?

घटनेच्या अनुच्छेद 23 च्या मराठी पाठात ‘वेठबिगारी’च आहे, त्यामुळे मथळ्याला कायद्याचा आधार मिळतो. एक गैरसमज मात्र काढायला हवा. ‘पैसे देतो ना, मग वेठ कसली?’ हा युक्तिवाद टिकत नाही. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धा बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा अनुच्छेद 23 मधली सक्तीची मजुरीच. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा बंधनापोटीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपवली.

हिंदीतल्या ‘बंधुआ’वरून ‘बांधील मजूर’ करू नका. मराठीत ‘बांधील’च्या शेजारी ‘बांधिलकी’ बसलेली आहे.

आता कामाचा शब्द: उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे. ऊसतोडीत मुकादम देतो ती, आणि भंगाराच्या धंद्यातही गोदामवाला देतो ती. उचल घेणे हा गुन्हा नाही. ती ‘अंगावर’ कशी राहते ते पाहा. समजा 20,000 ची उचल आहे आणि दरमहा 3,000 वळते होतात. सहा महिन्यांत 18,000 जायला हवेत, उरायला हवेत 2,000. पण मुकादमाच्या वहीत खाड्याचा दंड, गणवेश, खोलीभाडे, धान्य असे दरमहा 3,000 चढत असतील, तर सहा महिन्यांनीही बाकी 20,000 च. मग मुकादम म्हणतो, ‘पैसे फिटले नाहीत.’ हे क्रियापद बघा. ‘फेडणे’ला कर्ता लागतो, हिशेब लागतो, ‘फिटणे’ आपोआप व्हायचे असते, आणि ते होत नाही. धोरणात ‘फिटेपर्यंत’ हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

फलकावर नामे कमी, क्रियापदे जास्त ठेवा. उदाहरणार्थ:

‘आधार, पासबुक, एटीएम कार्ड स्वतःजवळ ठेवा. मुकादमाने मागितले तरी देऊ नका.’

‘उचल बाकी आहे म्हणून काम सोडायला कोणीही अडवू शकत नाही.’

‘काम मिळवून दिल्याबद्दल कोणालाही पैसे द्यायचे नाहीत.’

‘सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत.’

आता अर्थ झाकणाऱ्या शब्दांकडे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामात कंत्राटी मजुरांसाठी ‘स्वयंसेवक’ आणि त्यांच्या मजुरीसाठी ‘मानधन’ हे शब्द रुळले होते. स्वयंसेवक म्हटला की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा हे प्रश्नच उरत नाहीत. अखेर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा लवादाचा निर्णय उचलून धरला. पुरवठादाराच्या कागदात ‘मानधन’ दिसले की मस्टर मागवा.

‘पुरवठादार’ हा शब्दही कचऱ्याच्या धंद्यात तोकडा पडतो. गाड्या, माणसे, हातमोजे पुरवणारे त्यात येतात. हातमोजेही साधी गोष्ट नाहीत: मलेशियातल्या एका मोठ्या उत्पादकाच्या कारखान्यांचा माल 2020 मध्ये अमेरिकेने सक्तीच्या मजुरीच्या संशयावरून अडवला होता. पण वेचलेले प्लास्टिक विकत घेणारे गोदाम हे खरेदीदार. ते ‘पुरवठादार’ नाही म्हणून तपासणीतून निसटते, आणि शहराबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुटुंबासकट राहणारे मजूर तिथेच असतात. म्हणून ‘आमचे पुरवठादार, त्यांचे पोटठेकेदार आणि आमच्याकडून माल घेणारी गोदामे’ असे लांबलचक पण पूर्ण लिहा.

ग्राहक हे का मागतो? ब्रिटनच्या 2015 च्या ‘मॉडर्न स्लेव्हरी’ कायद्याने तिथे धंदा करणाऱ्या, 3.6 कोटी पौंड किंवा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ती रोखण्यासाठी काय केले याचे दरवर्षी निवेदन काढावे लागते. शिवाय तिथेही हे घडलेले आहे. 2019 मध्ये शिक्षा झालेल्या वेस्ट मिडलँड्समधल्या टोळीने पोलंडहून फसवून आणलेल्या माणसांना कचरा पुनर्वापर केंद्रांवरही राबवले होते. बळींची संख्या 400 च्या वर गेली. त्यांच्या नावाने उघडलेली बँक खाती टोळीच्या हातात होती. म्हणून पगारपत्रक तपासताना तीन रकाने शेजारी ठेवा: खाते क्रमांक, मोबाइल, पत्ता. दोन नावांना एकच खाते किंवा दहा नावांना एकच मोबाइल दिसला तर मुकादमाला न बोलावता त्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोला.

शेवटचा शब्द ‘करार तत्काळ रद्द’. प्रत्येक धोरणात तो असतो आणि बहुतेक वेळा नुकसानच करतो, कारण ठेकेदार त्याच रात्री माणसे दुसऱ्या गोदामात हलवतो. त्याऐवजी लिहा: ‘थकलेली मजुरी कंपनी आधी कामगाराला देईल, तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करील, मग कराराचे पाहील.’