काळे काय आणि कोरे काय?

प्रश्न : युद्धावरची कृष्णधवल छापचित्रे पाहताना काळा म्हणजे मृत्यू आणि पांढरा म्हणजे आशा असा अर्थ मी लावत गेलो, पण बऱ्याच चित्रांपाशी तो जुळेना. ही चित्रे वाचावीत तरी कशी?

उत्तर : रंगांना असे ठरावीक अर्थ चिकटवले की चित्र पाहण्याआधीच उत्तर हाती येते, आणि घोटाळा तिथेच होतो. त्यापेक्षा काळा भाग हाताने केलेला आहे की हात न लागता राहिलेला, एवढे आधी पाहावे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावरील लेपात सुईने रेघ ओढतात, उघड्या पडलेल्या धातूला आम्ल खाते आणि त्या खाचेत भरलेली शाई कागदावर उमटते. म्हणजे काळे ते केलेले, पांढरे ते सोडलेले. वुडकटमध्ये, म्हणजे लाकडी फळी कोरून काढलेल्या छापात, नेमके उलट : कोरून काढलेला भाग पांढरा राहतो आणि न कोरलेली फळी काळी उमटते.

जर्मन चित्रकर्ती केटे कोलविट्झ यांचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४ मध्ये आघाडीवर मारला गेला. पुढे १९२१-२२ मध्ये त्यांनी ‘युद्ध’ ही सात वुडकटांची मालिका केली. तीत रणांगण नाहीच. त्यातल्या ‘माता’ या चित्रात एकमेकींना बिलगलेल्या बायकांचा एकच काळा गठ्ठा दिसतो, त्यातून कोरून काढलेले चेहरे आणि थोराड हात उजळतात, आणि फटींतून भेदरलेली मुले डोकावतात. इथला काळा मुलांना पोटाशी धरणारा आडोसा आहे. तुमचा नियम अडतो तो इथे.

दुसरी गोष्ट नजरेची. स्पेनवरील नेपोलियनच्या आक्रमणाच्या काळापासून, साधारण १८१० ते १८२० या दशकात, स्पॅनिश चित्रकार गोयाने ‘युद्धाचे अनर्थ’ ही एचिंगची मालिका केली. तिच्यातील ४४ व्या चित्राखाली ‘मी हे पाहिले’ एवढेच लिहिले आहे. मुलाला ओढत नेणारी आई आणि पळणारी माणसे ज्याच्याकडे वळून पाहतात, ते मात्र चौकटीबाहेर आहे. शत्रू आपल्याला दिसतच नाही. हे शब्द वाचून चित्राला छायाचित्रासारखा पुरावा मानण्याचा मोह (मलाही) होतो. पण काय दाखवायचे आणि काय चौकटीबाहेर ठेवायचे, हे गोयाने पत्र्यासमोर बसून ठरवले आहे, आणि ते पत्रे त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेच नाहीत. मालिका बाहेर आली ती १८६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी.